वाया गेलेली निगेटिव्ह

मैनाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्याला आता आठ वर्षं झाली. निळं अंतर्देशीय पत्र होतं, मागे इगतपुरीच्या एका शाळेचा पत्ता, आणि अक्षर फळ्यावर लिहायची सवय झालेल्या माणसाचं, गोल, मोकळं, शेवटच्या बाकावरूनही वाचता यावं असं. आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं, हातातल्या पुस्तकात ठेवलं आणि ते पुस्तक कपाटातल्या मागच्या रांगेत सरकवलं. पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं. ते आजही अर्धंच आहे. उत्तर द्यायचं नाही असं मी काही ठरवलं नव्हतं; मी सहसा काही ठरवत नाही. उद्या देऊ म्हणालो, मग दिवाळी झाल्यावर देऊ म्हणालो, आणि मग इतका उशीर झाला की उशिराबद्दलच आधी चार ओळी लिहाव्या लागल्या असत्या. त्या चार ओळी मला सुचेनात. रस्त्याने जाताना, दाढी करताना, वाचनालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारताना मी त्या ओळी जुळवायचो आणि दुसरी ओळ झाली की पहिली खोटी वाटायला लागायची.

परवा एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र काढायचं म्हणून मी नाशिकच्या उपनगर नाक्यावर फोटो काढायला गेलो. तिथे आता तीन डिजिटल स्टुडिओ आहेत. त्यातला सगळ्यात रिकामा मी निवडला, कारण लोकांसमोर फोटो काढून घ्यायची मला लाज वाटते. पस्तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाने असं म्हणावं हे विचित्रच, पण मी धंद्यात होतो तो पडद्याच्या मागे. काउंटरवर एक पंचविशीची मुलगी होती. गळ्यातल्या पट्टीवर मनीषा असं नाव होतं. तिने मला स्टुलावर बसवलं, "काका, इकडे बघा," म्हणाली, आणि मी नीट बघायच्या आत फोटो निघालाही होता. मग ती संगणकापुढे बसली. माझा चेहरा तिच्यासमोर परातीएवढा मोठा झाला. तिने तो छोटा बाण माझ्या डाव्या नाकपुडीशेजारी नेला. तिथे चामखीळ आहे, माझ्या वडिलांनाही तिथेच होती. टक् असा आवाज झाला आणि चामखीळ नाहीशी झाली. मग डोळ्यांखालच्या पिशव्या. मग चष्म्याने नाकावर पाडलेले दोन खड्डे. "साफ करून देतेय," ती म्हणाली. "त्याचे वेगळे पैसे नाहीत. लग्नाला उभे राहाल आता." तिला सगळ्याला मिळून अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. मला एका चेहऱ्याला पाऊण तास लागायचा.

मी रिटचर होतो. म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. रविवार कारंजाजवळ पहिल्या मजल्यावर खंडेरावांचा स्टुडिओ होता. खंडेराव फोटो काढायचे आणि मी आत खिडकीशी एका उतरत्या मेजावर बसून निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काम करायचो. मेजाला मधोमध चौकोनी भोक, भोकाखाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा आणि निगेटिव्हमधून आरपार जायचा. निगेटिव्हवर आधी टर्पेंटाइनमधलं रोगण बोटाने फिरवायचं, म्हणजे शिसं धरतं. पेन्सिल पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी करायची. चेहऱ्यावर जे काळं असतं ते निगेटिव्हमध्ये काचेसारखं पारदर्शक दिसतं: तीळ, व्रण, मुरमांचे खड्डे, जागरणाची वर्तुळं. तिथे बारीक टिंबं भरत जायचं. छापल्यावर त्या जागी गुळगुळीत कातडं. नाशिकमधली हजारो माणसं मी अशी ओळखत होतो, काळ्या चेहऱ्यांची, पांढऱ्या केसांची, डाव्याचं उजवं झालेली. तीच माणसं मेन रोडवर समोरून आली तर मला ओळखू यायची नाहीत, आणि ते माझ्या स्वभावाला बरंच होतं.

मार्च संपत आला की दहावीची पोरं यायची. शेवटचा पेपर टाकून तशीच, परीक्षेचं पॅड बगलेत धरून, चौघी-पाचजणी मिळून. स्टुडिओत एक सामाईक कोट होता, दोन टाय आणि खोट्या मोत्यांची एक माळ. ती माळ एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची आणि शेवटी ज्या मुलीच्या गळ्यात असायची ती विसरून तशीच जिना उतरायची. मग खंडेराव खिडकीतून हाक मारायचे. त्या वयाच्या मुलांना हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. आरशात बघून आलेलं तोंड घेऊन ती बसायची, आणि कॅमेऱ्यासमोर ते तोंड त्यांच्याकडून धरलं जायचं नाही. खंडेराव उठायचे, दोन बोटांनी हनुवटी खाली करायचे, खांदा वळवायचे, हातात काहीतरी द्यायचे, टेलिफोनचा रिसीव्हर, जाड पुस्तक, प्लास्टिकचा गुलाब. "आता श्वास धर." आणि पोरगं खरंच शांत व्हायचं. त्यात दया होती असं मला आता वाटतं. तेव्हा मी पडद्याआडून नाक मुरडायचो. मी पुस्तकं वाचणारा होतो, सहजपणाबद्दल माझी काही मतं होती. एकदा धीर करून म्हणालो, की मुलांना त्यांच्या मनासारखं बसू द्यावं. खंडेराव हसले. "पंडित, मनासारखं असं काही नसतं. ती घरून पोज घेऊनच निघतात, अन् ती वाईट असते. मी ती काढून घेतो, चांगली देतो. तू तरी काय वेगळं करतोस?" मी परत पेन्सिल घासायला घेतली. ते मला पंडित म्हणायचे ते चिडवायला, पण स्टुडिओ सुटल्यावर जिन्यात माझं वाचून होईपर्यंत तिथला दिवा बंद करू नका असं वॉचमनला सांगितलं होतं तेही त्यांनीच.

माझं मत मी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवत होतो. जी निगेटिव्ह वाया जायची, कुणी हललं, कुणी शिंकलं, कुणी भलतीकडे बघितलं, ती फेकायला माझ्याकडे यायची. त्यातल्या काही मी फेकत नसे. घरी नेऊन खिडकीशी धरून बघायचो. छापल्या कधीच नाहीत. छापायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न विचारता कुणाचा चेहरा उजेडात आणावा हे मला चोरीसारखं वाटायचं. माझी बायको छाया त्याला भुतांचा डबा म्हणायची. "भुतं तरी दोन-चार ठेवावीत माणसाने. शंभर?" शंभर नव्हत्या. साठ-सत्तर असतील. पण ती म्हणाली त्यात तथ्य होतं, ती मुलं मला फक्त भुतांसारखी ठाऊक होती.

मैना आली ते साल एक्याण्णव. मखमलाबादकडचं माळ्याचं घर, आई कुसाबाई रोज पहाटे फुलबाजारात पाट्या घेऊन यायची. मुलगी सोळा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि वरच्या ओठापासून नाकापर्यंत गेलेली एक रेघ. जन्मतः ओठ फाटलेला होता, लहानपणी टाके घातले होते. बोलताना ती हात तोंडाशी नेई, माशी हाकलावी इतक्या सवयीने. कुसाबाई खंडेरावांना म्हणाली, "दहावीची आठवन म्हनून काढा, दादा. आन् पुढं स्थळाला दाखवाया कामी येईल असा काढा. डबल खर्च नगं." खंडेरावांनी ओठाकडे एकदाच बघितलं. त्यांनी तिला थोडं वळवून बसवलं आणि प्लास्टिकचा गुलाब हातात देऊन मूठ हनुवटीपाशी आणली, म्हणजे पाकळ्यांनी ओठाची ती बाजू झाकली जाईल. माप अचूक होतं. ते कॅमेऱ्यामागे गेले, शटरचा रबरी फुगा हातात घेतला, "एक, दोन," म्हणाले, आणि कुसाबाई बाकावरून उठून सरळ उजेडात आली. "आवं, आमी फुलंच पिकवतो. आज दोन पाट्या गुलाब इकून आले. आन् तुमी माज्या पोरीच्या हातात ह्ये देता? वास तरी घ्या याचा." तिने तो गुलाब मैनाच्या हातातून ओढून खंडेरावांच्या नाकापुढे धरला. मैना हसली. हात तोंडाशी न्यायलाही उशीर व्हावा अशी हसली. आणि खंडेरावांच्या मुठीत फुगा तर दाबला गेलेला. "गेला," ते म्हणाले. "बाई, तुम्ही जिन्यात बसा पाहू." दुसरा फोटो व्यवस्थित निघाला. मिटलेले ओठ, गुलाब, खालची नजर. तो माझ्या मेजावर आला तेव्हा पाकळीच्या वर ओठाची रेघ थोडी उरलीच होती. मी ती भरली. ओठाची वरची कड जिथे तुटली होती तिथे जोडली. फार सुरेख काम झालं. खंडेराव कधी म्हणत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, "पंडित, हात आहे तुला."

चार दिवसांनी ती एकटीच न्यायला आली. खंडेराव चहाला खाली गेले होते, म्हणून पाकीट मला द्यावं लागलं. तिने तिथेच उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही मीच का?" गिऱ्हाइकाशी मी कधी बोलत नसे. का बोललो माहीत नाही. "पहिला चांगला होता," मी म्हणालो. "कोणता पहिला?" "तुम्ही हसलात तो. वाया गेला." तिचा हात ओठाशी गेला आणि तिथेच थांबला. "टाकला तो?" "टाकतात," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. टाकतातच. तो मी टाकला नव्हता, एवढंच मी सांगितलं नाही. त्या वेळी तो माझ्या पिशवीत होता, दोन पुस्तकांच्या मधे.

दोन वर्षांनी कुसाबाई आली. मुलगी बारावी झाली होती. तो फोटो एका स्थळाला गेला, पसंत पडला, आणि पाहुणे बघायला आले. मी मेजावर होतो, पडदा अर्धा उघडा होता. कुसाबाई भांडली नाही, रडली नाही. तिने पाकीट काउंटरवर ठेवलं. "पाव्हणे चा प्याले आन् म्हनले, फोटोतली पोरगी दाखवा. मी म्हनलं, हीच. तर म्हनले, ही नाय, आमाला फसवलं. माज्या दारात बसून म्हनले, दादा. चार मान्सांत." खंडेराव म्हणाले, "बाई, फोटोत सगळेच चांगले येतात." "चांगला नगं," ती म्हणाली. "जसं हाय तसं लोकांना लय वाईट वाटत आसंल, तर ते येनारच नाय. पर आलेलं मानूस उठून जानं, ते वंगाळ." खंडेरावांनी फुकट दुसरा काढून देतो म्हटलं. ती नको म्हणाली आणि पाकीट उचललं. मैना वर आलीच नव्हती, खाली रस्त्यावर उभी होती, म्हणून कुसाबाई फार थांबली नाही. ती गेल्यावर खंडेराव पडद्याकडे बघून काही बोलतील असं मला वाटलं. ते पुढच्या गिऱ्हाइकाची पावती फाडायला लागले. मीही समोरची निगेटिव्ह पुरी केली. कुठल्याशा मुलाच्या गालावरचे कांजिण्यांचे वण होते.

सत्त्याण्णव साली स्टुडिओ बंद झाला. रंगीत फोटो मशिनवर धुऊन यायला लागले होते, पेन्सिलीचं काम उरलं नव्हतं. मी एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर लागलो. तिथे दोन वर्षांनी ते पत्र आलं. पत्ता खंडेरावांकडून मिळाला असं तिने लिहिलं होतं. ती डी.एड. करून इगतपुरीला शिक्षिका झाली होती. 'इथल्या ओलीने माझा तो गुलाबाचा फोटो बुरशी लागून गेला. वाईट वाटलं नाही. पण आता त्या वयाचा माझा एकही फोटो नाही. दर वर्षी आमच्या दहावीचा ग्रुप फोटो असतो. फोटोवाले मुलींना सांगतात, दात दाखवू नका, ओठ मिटा. तेव्हा मला तुमची आठवण होते. तुम्ही पहिला चांगला होता म्हणालात, ते मनापासून म्हणालात की माझी समजूत काढायला, एवढंच कळवा. तो तुम्ही टाकला नसेल असं मला तेव्हाही वाटलं होतं. असेल तर पाठवा. नसेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तरी पाठवा.'

त्याच दिवशी मी डबा काढला होता. हे मी छायालाही सांगितलं नाही. निगेटिव्ह लगेच सापडली. खिडकीशी सरळ धरली तर नेहमीसारखीच दिसली: काळा हसरा चेहरा, पांढऱ्या वेण्या, कडेला एक फराटा, कशाचा ते कळत नव्हतं. ती परत ठेवताना तिरपी झाली, उजेड वरून घसरला आणि ओठापाशी काहीतरी चकाकलं. शिसं. मी त्या निगेटिव्हवरही पेन्सिल चालवलेली होती. रेघ भरलेली, कड जोडलेली. कधी केलं ते मला आठवत नव्हतं. वाया गेलेल्या निगेटिव्हवर काम करायचं नसतं, पैसे नाहीत, कारण नाही. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे हाताने केलं. किंवा मीच केलं आणि हातावर टाकतो आहे. मग तिला पहिला चांगला होता असं सांगणारा मी नक्की काय बघून बोललो होतो? तिचं हसणं की माझं काम? खंडेराव निदान सगळ्यांसमोर हनुवटीला हात लावायचे. मी सहजपणाचा डबा भरत होतो आणि त्यातही, बहुधा कुठल्याशा रात्री चहाचा कप शेजारी ठेवून, त्या मुलीचा ओठ दुरुस्त केला होता. तिने विचारलं होतं मनापासून की समजूत काढायला. या दोहोंपैकी काहीही लिहिलं तरी मला ते पुरं खरं वाटलं नसतं. म्हणून पत्र पुस्तकात गेलं.

परवा मनीषाने तो गुळगुळीत म्हातारा माझ्यापुढे छापायला घेतला तेव्हा मी विचारलं, "ती चामखीळ परत आणता येईल का?" तिने मान वळवून बघितलं. "परत? लोक काढायला सांगतात, काका." "माझ्या वडिलांची आहे." ती हसली, पण वाईट नाही. दोन बटणं दाबली. चामखीळ आली, मग पिशव्या, मग खड्डे, एकेक करून, पाहुणे परत यावेत तसे. "घ्या. कुठे जात नाही ते. वरून झाकलेलं असतं फक्त."

हे ती मला सांगत होती. शिसं वरच असतं, रोगणाच्या थरावर, टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसलं जातं, हे मी विशीत शिकलो होतो. चुकलेलं काम कितीदा पुसलं होतं. आठ वर्षांत हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि मी भीत होतो. पुसल्यावर, ती रेघ दिसल्यावर, मला तो फोटो चांगला वाटला नाही तर? मग तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असलं असतं, आणि ते द्यावं लागलं असतं.

संध्याकाळी मी छायाला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलणं थांबवलं नाही. "म्हणजे तुम्हाला फोटो चांगला वाटतो की नाही याच्यासाठी ती बाई आठ वर्षं खोळंबली," ती म्हणाली. "तिने तुमची परीक्षा कुठे मागितली होती? तिचा फोटो मागितला होता." मग म्हणाली, "पाठवा, नाहीतर तो डबा रिकामा करा. शेवया ठेवायला डबा नाही घरात."

रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. काल सकाळी, उजेड चांगला होता तेव्हा, खिडकीत बसलो. कापूस बुडवला, पिळला, ओठावरून एकदाच फिरवला. एवढंसं करडं लागलं कापसाला. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडून रोज येते तेवढी राखसुद्धा नाही. वास मात्र तोच, पस्तीस वर्षांचा. निगेटिव्ह तिरपी केली. चकाकलं नाही. रेघ तिच्या जागी होती, स्वच्छ, पारदर्शक.

डार्करूम आता कुठे शोधणार. मी निगेटिव्ह पाकिटात घालून मनीषाकडे गेलो. "हे काय, एक्स-रे?" "निगेटिव्ह." "एवढी मोठी?" तिने ती दोन बोटांत कडेने धरली, तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी कडेने धरली. खिडकीच्या काचेला मागे पातळ कागद लावून तिने ती चिकटवली, कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला आणि संगणकावर घेतला. "आता उलटं करते," म्हणाली.

मैनाला मी पहिल्यांदा बघितलं. सोळा वर्षांची, केसांना तेल लावलेली, नजर कॅमेऱ्याबाहेर, तोंड उघडं, एक दात दुसऱ्यावर चढलेला. रेघ हसण्याने ओढली जाऊन नाकाकडे तिरकी झाली होती. डावा हात तोंडाकडे निघालेला, अजून गळ्यापाशीच, धूसर. आणि कडेचा तो फराटा, ज्याचा मला कधी उलगडा झाला नव्हता, तो कुसाबाईचा बांगड्या भरलेला हात होता आणि त्यात प्लास्टिकचा गुलाब. मला आवाजसुद्धा ऐकू आला. वास तरी घ्या याचा.

"भारी हसतेय," मनीषा म्हणाली. "कोणाकडे बघून?"

"आईकडे."

"ओठावरचं क्लीन करू? दोन मिनिटं."

"नको," मी म्हणालो. "हात लावू नका." हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की तिने माऊसवरून हात उचलला, आणि बाहेर झेरॉक्ससाठी थांबलेल्या दोघांनी आत बघितलं. मग मी हळू म्हणालो, "ते पूर्वी एकदा मी केलं होतं."

आज सकाळी उत्तर लिहिलं. उशिराबद्दलच्या चार ओळी लिहिल्याच नाहीत. लिहिलं, की गुलाबाच्या फोटोवर ओठ मी जोडला होता, आणि तुमच्या दारातून जे पाहुणे उठून गेले त्यात माझ्या हाताचा भाग आहे. वाया गेलेला मी टाकला नव्हता, ठेवला होता, न विचारता. त्यावरही पेन्सिल चालवली होती, ती काल पुसली. पहिला चांगला होता असं म्हणालो तेव्हा मी तो नीट बघितलेला नव्हता. आता बघितला. चांगला आहे. आईंचा हातही आला आहे त्यात. सोबत निगेटिव्हही पाठवत आहे, ती तुमची आहे. खाली सही केली, जयराम, आणि कंसात रिटचर असं लिहिलं, मग ते राहू दिलं.

ती अजून त्याच शाळेत असेल का, माहीत नाही. पाकिटात पुठ्ठा घातला आणि नाशिकरोडच्या पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट वाकवून बघितलं. "फोटो आहे का आजोबा? मग वर दुमडू नये असं लिहा, नाहीतर पोत्यात मोडेल." मी खिशात हात घातला आणि जे हाताला आलं त्याने लिहायला लागलो. "पेन्सिलीने नको," त्या म्हणाल्या, "पुसलं जातं," आणि त्यांचं पेन काचेखालून पुढे सरकवलं. मी पेनाने लिहिलं. त्यांनी पाकीट घेतलं, कोपऱ्यावर, फोटोपासून लांब, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं. माझ्यामागे रांग होती. मी पेन परत केलं आणि बाजूला झालो.